झड लागली तेव्हा पॅनेल काय करत होतं : पर्जन्यमापक केंद्राच्या सौरविजेच्या नोंदी

३ जून

हे काम का हाती घेतलं ते आधी लिहून ठेवते. गेल्या पावसाळ्यात झडीच्या चौथ्या दिवशी आमचं स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्र बंद पडलं. पुढच्या दोन दिवसांची नोंद कोरी आहे. पाऊस मोजायचं यंत्र सगळ्यात जास्त पाऊस असतानाच झोपलं, आणि तो पाऊस आता कुणालाही मागे जाऊन मोजता येणार नाही. आढाव्यात एकच वाक्य निघालं: "पावसात सोलर चालतच नाही." मला ते पटलं नव्हतं, पण खोडून काढायला हातात आकडेही नव्हते. यंदा ते जमवायचे.

मांडणी अशी. जुनं १०० वॉटचं पॅनेल, त्याला 'अ' म्हणू. ते पूर्वीसारखंच ३० अंश कलतं ठेवलं आहे. त्याच बनावटीचं नवं पॅनेल 'ब' शेजारी जवळजवळ सपाट, फक्त ५ अंशांचा उतार देऊन. दोन्हींत सिलिकॉनचे ३६ सेल. पाठीवरच्या पट्टीनुसार उघड्या टोकांचा व्होल्टेज २२ व्होल्ट आणि शॉर्ट-सर्किट करंट, म्हणजे दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा करंट, ६ ॲम्पिअर. हे आकडे दर चौरस मीटरला १००० वॉट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश धरून दिलेले असतात. बॅटरी १२ व्होल्ट, ६५ ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड. यंत्र आणि मोडेम मिळून सरासरी ५ वॉट, म्हणजे दिवसाला १२० वॉट-तास.

प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र एमपीपीटी कंट्रोलर लावलाय. पॅनेल ज्या व्होल्टेजला सगळ्यात जास्त वीज देतं तिथे तो त्याला चालवतो आणि बॅटरी भरतो. एक गोष्ट लगेच लक्षात आली: बॅटरी भरत आली की कंट्रोलर पॅनेलकडून वीज घेणंच कमी करतो, मग पॅनेल किती देऊ शकतं ते कळत नाही. म्हणून चाचणीपुरता एक बल्ब जोडून ठेवला आहे. बॅटरीत कायम थोडी जागा राहील.

आज कडक ऊन. दुपारी शॉर्ट-सर्किट करंट ५.५ ॲम्पिअर, उघडा व्होल्टेज १९.५. पाठीमागे काच तापून तापमान ६१ अंश. प्रत्यक्ष मिळाले ७७ वॉट. १०० चे ७७ का, असं कामातल्या जोडीदाराने विचारलं. सिलिकॉन तापलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के शक्ती घटते. २५ च्या वर ३६ अंश, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले; उरलेली घट ऊन पूर्ण १००० नसल्याची.

९ जून

पहिलं मळभ. वायरमनदादा आले होते. त्यांनी व्होल्टमीटर लावला आणि म्हणाले, "ताई, पॅनेल एकदम ठणठणीत आहे, परवाच्यापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतंय." खरंच दाखवत होतं: २०.१ व्होल्ट. करंट मात्र २.४ ॲम्पिअर, निम्म्याहून कमी.

मला वाटतं गेल्या वर्षीची चूक इथेच झाली. तेव्हाच्या तपासणीच्या वहीत फक्त व्होल्टेज लिहिलेला आहे, आणि प्रत्येक ओळीपुढे 'ठीक'. करंट हा प्रकाशाच्या प्रमाणात वरखाली होतो: प्रकाश निम्मा, तर करंट निम्मा. व्होल्टेजचं तसं नाही. प्रकाश दहापट घटला तरी एका सेलचा व्होल्टेज जेमतेम ०.०६ व्होल्टने उतरतो. ३६ सेलचे मिळून दोन-सव्वादोन व्होल्ट. शिवाय ढगांमुळे पॅनेल थंड राहतं आणि थंड सेलचा व्होल्टेज चढतो. एक उतार आणि एक चढ जवळपास एकमेकांना खाऊन टाकतात. काळ्या ढगाखालचं पॅनेल आणि भर उन्हातलं पॅनेल व्होल्टमीटरला सारखीच दिसतात.

आजपासून वहीत करंटचा रकाना आधी, व्होल्टेजचा नंतर.

त्यातून एक सोयही झाली. ६ ॲम्पिअर म्हणजे १००० वॉट ऊन, तर शॉर्ट-सर्किट करंटवरून त्या क्षणी किती प्रकाश आहे ते काढता येतं. वेगळं प्रकाशमापक यंत्र लागत नाही. मात्र उजेडात जोडणी सोडवताना ठिणगी उडते, म्हणून आधी पॅनेलवर जाड कापड टाकायचं, मग तारेला हात. आणि मल्टिमीटरची लाल तार १० ॲम्पिअरच्या खोबणीत आहे ना, हे दर वेळी बघायचं.

१४ जून

आज दिवसभर पाऊस, पण एकसारखा नाही. हा दिवस नीट लिहायला हवा.

सकाळी रिपरिप चालू असताना करंट १.१ ॲम्पिअर होता, म्हणजे दर चौरस मीटरला १८० वॉटच्या आसपास प्रकाश. पाऊस पडतोय, काचेवरून पाणी वाहतंय, आणि पॅनेल आरामात १७ वॉट देतंय. यंत्राला लागतात ५. दुपारी पाऊस थांबला. एक थेंब नाही, पण पश्चिमेकडून काळोखी चढत आली आणि पाऊस सुरू व्हायच्या आधीच करंट ०.१२ वर आला. वीस वॉट प्रकाश. पॅनेलकडून दीड वॉटही मिळेना. नंतर मुसळधार सुरू झाली आणि तासाभरात, पाऊस चालू असतानाच, करंट पुन्हा ०.३५.

म्हणजे विजेला पाऊस अडवत नाही, ढगाची जाडी अडवते. ढगातले पाण्याचे बारीक थेंब प्रकाश गिळत नाहीत, इकडेतिकडे उधळतात. ढग जितका जाड तितक्या वेळा तो प्रकाश आपटतो आणि त्यातला बराच वरच्या वर आकाशात परत जातो. विमानातून बघितलेला ढग पांढराशुभ्र आणि तोच खालून काळा, त्याचं कारण हेच. जो प्रकाश गाळून खाली पोचतो तो कुठल्याही एका दिशेचा राहत नाही. सावली पडत नाही, पण पॅनेलला चालतो. सिलिकॉनला प्रकाश कुठल्या बाजूने आला याच्याशी देणंघेणं नसतं.

काचेवरच्या पाण्याची मला भीती होती. ती व्यर्थ ठरली. पाण्याचा पातळ थर हवा आणि काच यांच्यामध्ये पायरीसारखा बसतो, त्यामुळे काचेवरून परावर्तन वाढत नाही, किंचित कमीच होतं.

१७ जून

ढग तुटले. ऊन-सावलीचा खेळ, आणि कंट्रोलरच्या पडद्यावर आकडा बघून जोडीदाराने मला हाक मारली: १०५ वॉट. शंभरच्या पॅनेलमधून.

करंट ६.९ ॲम्पिअर होता. सूर्य ढगाच्या फटीतून थेट दिसतो आणि भोवतालच्या पांढऱ्या कडा आणखी प्रकाश आपल्याकडे फेकतात, तेव्हा जमिनीवर निरभ्र आकाशापेक्षाही जास्त प्रकाश पडतो. अर्ध्या-पाऊण मिनिटाचा खेळ. त्यात पॅनेल नुकतंच पावसाने धुऊन थंड झालेलं. रोजच्या बेरजेत याने फार फरक पडत नाही, पण फ्यूज आणि तारा निवडताना पडतो. पट्टीवर ६ ॲम्पिअर लिहिलंय म्हणून ६ चाच फ्यूज बसवला असता तर तो एखाद्या अशाच सुंदर क्षणी उडू शकला असता, आणि केंद्र ढगाळ दिवशी नव्हे, लख्ख उन्हात बंद पडू शकलं असतं. आमचा १० चा आहे.

२१ जून

ज्याची वाट बघत होते तसा दिवस: आभाळ एकसारखं भरलेलं, कुठे फट नाही, पाऊस नाही. कोनाची चाचणी आज केली.

'ब' सोडवून हाताने वळवलं. 'अ' जागेवरून हलवलं नाही, ते साक्षीदार. ढगांचा प्रकाश मिनिटामिनिटाला बदलतो, म्हणून प्रत्येक वाचनासोबत 'अ'चाही करंट घेतला, आणि तो हलला असेल तर ते वाचन टाकून दिलं. पूर्ण सपाट: ०.९० ॲम्पिअर. ३० अंश: ०.८४. ६० अंश: ०.६९. भिंतीसारखं उभं: ०.४८. मग ६० अंशांवर ठेवून चारही दिशांना फिरवलं: ०.६९, ०.६८, ०.६७, ०.६९. दिशेने काही बिघडलं नाही. उन्हात हाच खेळ केला असता तर सूर्याकडे पाठ केल्याबरोबर करंट कोसळला असता.

कागदावरचा हिशेबही हेच सांगतो. भरलेल्या आभाळात प्रकाश सगळ्या घुमटातून येतो. पॅनेल कलतं केलं की घुमटाचा एक तुकडा त्याच्या पाठीमागे जातो. एक अधिक कोनाची कोसाइन, भागिले दोन, इतका भाग समोर उरतो: ३० अंशांना ९३ टक्के, ६० ला ७५, उभ्याला ५०. उभ्या पॅनेलला जमिनीवरून उसळलेला थोडा प्रकाश मिळतो, म्हणून ते जरा पुढे.

ज्या केंद्राला ढगाळ दिवसांत जगायचंय, त्याचं पॅनेल उन्हाच्या हिशेबाने कलतं ठेवणं चूक आहे. ७ टक्के फार नाहीत. पण ते ७ टक्के नेमके सगळ्यात भुकेल्या दिवशी हवे असतात.

२४ जून

परवाच्या निष्कर्षावर खूश होते, पण रोजची बेरीज जुळत नाही. सलग तीन ढगाळ दिवस 'ब' मागे आहे. सपाट आहे, पुढे असायला हवं. उघडीप असताना मात्र दोघं ठीक चालतात.

२६ जून

दोन दिवस यातच गेले, पण हाती लागलं ते मोलाचं आहे.

आज मळभात दोघांचा शॉर्ट-सर्किट करंट घेतला: 'अ' ०.४८, 'ब' ०.५१. म्हणजे 'ब'वर प्रकाश जास्तच पडतोय, परवाची चाचणी खोटी नाही. उघडा व्होल्टेज दोघांचा जवळपास सारखा. पण प्रत्यक्ष वीज: 'अ' ७.४ वॉट आणि 'ब' ६.६. प्रकाश जास्त, वीज कमी. मधल्या मध्ये कुठेतरी गळतंय.

कागदावर आकडेमोड केली. 'ब'ने ७.९ वॉट द्यायला हवे होते. १.३ वॉट गायब, साडेसोळा व्होल्टला म्हणजे ०.०८ ॲम्पिअर. आता हीच ०.०८ ची गळती भर उन्हात पाच ॲम्पिअरमधून गेली तर? दीड टक्का. कुणाला कळणारही नाही. मळभात अर्ध्या ॲम्पिअरमधून गेली की सोळा टक्के. उन्हात लपणारा हा दोष ढगाखाली उघडा पडला. शॉर्ट-सर्किट करंटमध्ये तो दिसत नाही, कारण तेव्हा दोन टोकांत व्होल्टेजच नसतो, गळायला दाबच नसतो.

(उलटा प्रकारही असतो: जोडणी सैल किंवा गंजलेली असली तर ती मळभात लपते आणि उन्हात त्रास देते, कारण तिथला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो. म्हणून तपासणी दोन्ही हवामानांत करायला हवी. एकाच दिवशी बघून 'ठीक' लिहू नये.)

'ब'च्या पाठीमागचा जंक्शन बॉक्स, म्हणजे तारा जोडायचा डबा, उघडला. झाकणाचं रबरी गॅस्केट एका कोपऱ्यात दुमडलेलं. आत पाणी, मुंग्यांनी आणलेली माती आणि दोन टोकांमध्ये ओल्या चिखलाचा पूल, तांब्याच्या कडेने हिरवा थर. तारही वरून येऊन सरळ बॉक्समध्ये शिरत होती. पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत आत जायला मोकळं. बॉक्स बसवताना झाकण मीच लावलं होतं. घाई केली.

साफ केलं, कोरडं केलं, गॅस्केट नवं. तारेला बॉक्सच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तळाशी येऊन ठिबकेल, वर चढून आत जाणार नाही. संध्याकाळच्या मळभात 'ब' पुन्हा 'अ'च्या पुढे.

१ जुलै

पाऊस पॅनेल धुतो, हे अर्धंच खरं. धुळीचा थर पहिल्या मोठ्या सरीत गेला. पण 'ब'वर खालच्या कडेला, काच आणि चौकट जिथे मिळतात तिथे, गाळाची बोटभर पट्टी साचली आहे. ५ अंश उतारावर पाणी तिथे अडतं, वाळतं, गाळ मागे ठेवतं. ही पट्टी सेलच्या सगळ्यात खालच्या ओळीवर येते. सेल माळेत जोडलेले असतात, आणि माळेचा करंट सगळ्यात झाकलेल्या सेलपुरताच. भुरभुर पाऊस तर धुण्यापेक्षा चिखल जास्त करतो. पक्ष्यांची विष्ठा एकाही सरीने गेली नाही. ती ओल्या कापडानेच पुसावी लागली.

दोन्ही पॅनेल १२ अंशांवर आणली. मळभातला तोटा जेमतेम एक टक्का, आणि पाणी वाहून जातं.

३ जुलै

उरलेलं एक काम: जुना पीडब्ल्यूएम कंट्रोलर थोडा वेळ 'अ'ला लावून बघितला. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून बसवतो. मळभात पॅनेल साडेसोळा व्होल्टला सगळ्यात चांगलं चालतं, बॅटरी १२.६ वर, मधला व्होल्टेज वाया. एमपीपीटीवर ९ वॉट, पीडब्ल्यूएमवर ७.३. पीडब्ल्यूएम काढून ठेवला.

५ जुलै

झड लागली. बल्ब काढला. बॅटरी भरलेली आहे. आता हीच खरी परीक्षा.

आज दोन्ही पॅनेल मिळून १५० वॉट-तास. बॅटरीत घालून पुन्हा काढताना साधारण १५ टक्के जातात, तेव्हा हाती १२७. खर्च १२०. बरोबरी.

६ जुलै

९६.

७ जुलै

७०. दुपारी बारालाही दिवा लावावासा वाटावा असा उजेड. पर्जन्यमापकाची बादली सारखी उलटतेय, दर ०.२ मिलिमीटर पावसाला एकदा, आणि प्रत्येक वेळ नोंदली जातेय. रात्री दोनदा उठून आकडे बघितले.

८ जुलै

६२. जूनमध्ये उन्हाच्या दिवशी एकेक पॅनेल ४३० च्या आसपास द्यायचं. आज दोन मिळून ६२. जोडीदार म्हणाला, "ताई, मोडेम बंद करू या का?" बंद नाही केला. पाठवणं दर दहा मिनिटांवरून तासावर नेता आलं असतं, आणि त्याने सगळ्यात जास्त वाचलं असतं, कारण खर्चाचा मोठा वाटा मोडेमचाच आहे. पण या पावसाचे आकडे खाली नदीकाठी बसलेल्यांना आत्ता हवे आहेत. बॅटरी परवानगी देते तोवर दहा मिनिटंच. तिने परवानगी काढून घेतली तर तास, आणि नोंद मात्र आत चालूच राहील, असा नियम यंत्रात घालून ठेवला.

९ जुलै

११०. दुपारनंतर उजेड वाढला. केंद्र चालू आहे. पाचही दिवसांची नोंद पूर्ण, एकही रकाना कोरा नाही.

रात्री बसून हिशेब केला. पाच दिवसांत बॅटरीतून निव्वळ १८५ वॉट-तास गेले. ती ७८० ची आहे, म्हणजे अजून पाऊण भरलेली. आता एकच पॅनेल असतं तर? तेच ऊन, अर्धी आवक: निव्वळ घट ३९३. आज संध्याकाळी बॅटरी निम्म्यावर आली असती. लेड-ॲसिड त्याखाली नेऊ नये. कमी भरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची क्षमता कायमची घटते. गेल्या वर्षी केंद्र चौथ्याच दिवशी का बंद पडलं तेही मग जुळतं: पॅनेल एक, ३० अंशांवर, आणि आधीच्या ढगाळ आठवड्यामुळे बॅटरी झड लागायच्या आधीपासूनच अर्धवट रिकामी असणार.

गेल्या वर्षीच्या आखणीचा कागद काढून बघितला. त्यात महिन्याची सरासरी धरलेली आहे. त्या सरासरीने एक पॅनेल पुरून उरतं. पण केंद्र सरासरी दिवशी बंद पडत नाही. ८ जुलैसारख्या दिवशी पडतं. आखणीत दोनच आकडे हवेत: सगळ्यात काळ्या दिवशी पॅनेल किती देतं, आणि तसे दिवस ओळीने किती येतात.

१२ जुलै

उघडीप. पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून बॅटरी वर आणली, पण शेवटचा टप्पा सावकाश भरतो. पूर्ण भरायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. बॅटरी मोठी करावी असं एकाने सुचवलं. मी नको म्हटलं. मोठी बॅटरी रिकामी व्हायला जास्त दिवस घेते हे खरं, पण भरायलाही घेते, आणि पावसाळ्यातल्या उघडीपी छोट्या असतात. पैसा असेल तर तो तिसऱ्या पॅनेलला द्यावा. मळभात जे थोडं मिळतं ते वाढवायला काचेचं क्षेत्रफळच लागतं.

१५ जुलै

आढाव्यासाठी कागद पाठवला. ५ ते ९ जुलैची पर्जन्यनोंद वर जोडली, विजेचे आकडे खाली. तपासणीच्या वहीचा नवा नमुनाही: शॉर्ट-सर्किट करंट, मग व्होल्टेज, मग बॉक्सचं झाकण, एकदा उन्हात आणि एकदा मळभात.

वायरमनदादांनी दुसऱ्या केंद्रावरून फोन केला. तिथल्या पॅनेलचा व्होल्टेज उत्तम आहे म्हणाले, आणि लगेच पुढे, "करंट अजून घेतला नाही, ढग येऊ दे, मग घेतो." त्या केंद्राचा बॉक्स १८ तारखेला उघडायचा आहे. दोन गॅस्केट सोबत न्यायची.